पंप फिरला की बोर्ड रीसेट

प्रश्न : आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्टसाठी मातीचा ओलावा बघून चालणारं ठिबक केलंय. ईएसपी-३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर), रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आणि १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप. पंप फिरला की बोर्ड रीसेट होतो. वाय-फाय जोडलं की ओलाव्याचं रीडिंगही गंडतं. मीटर ५ व्होल्ट बरोबर दाखवतो. दोन बोर्ड बदलून झाले. (तिसरं वर्ष अभियांत्रिकी, सोलापूर)

उत्तर : तिसरा बोर्ड घेऊ नका. हे दोन वेगळे दोष आहेत, एकमेकांशी संबंध नाही.

आधी पंपाच्या वायरी काढा आणि नुसता रिले टकटक करू द्या. तरीही रीसेट झाला तर रिलेला वीज कुठून देताय ते बघा. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. ती बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून चालवायची नाही. रिले एकटा नीट चालला, तर दोष पंपाकडे. सीरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी खिडकी) ११५२०० बॉडच्या वेगावर उघडा. ‘ब्राउनआउट’ शब्द दिसला की व्होल्टेज पडल्याचं नक्की. पंप सुरू होताना चालू पंपाच्या कितीतरी पट करंट ओढतो, शिवाय वाय-फाय प्रसारणाच्या क्षणी बोर्डालाही काहीशे मिलिअँपिअर लागतात. ही घसरण काही मिलिसेकंदांची असते. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ती त्याच्या नजरेतून निसटते.

पंपाला स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या आणि बोर्डाला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा. बोर्डाच्या ५ व्होल्ट व ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर पिनांना चिकटून बसवा. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लागला तर थेट शॉर्ट. (हा डायोड डीसी पंपालाच. २३० व्होल्टच्या पंपाला लावू नका, आणि मिनी प्रोजेक्टमध्ये २३० व्होल्ट नकोच.) रिले असेल तर दोन अडॅप्टरांचे ग्राउंड जोडायची गरज नाही, रिलेऐवजी मॉस्फेटवर (ट्रान्झिस्टरच्या स्विचवर) गेलात तर जोडावेच लागतात. शेवटी सगळं ब्रेडबोर्डवरून झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार पाटीवर) सोल्डर करा. पंप थरथरतो आणि ब्रेडबोर्डातले जंपर सैल होतात.

रीडिंगचं कारण बहुधा पिन. ४, १३, २५, २६, २७ हे पिन एडीसी-२ वर (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या, बोर्डातल्या दुसऱ्या भागावर) येतात आणि वाय-फाय चालू असताना ते मोजायला मिळत नाहीत. सेन्सरची वायर ३२ ते ३५ पैकी कुठल्याही पिनवर हलवा. सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या.

आता खरं काम, कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवून घेणं. इथेच बहुतेक प्रोजेक्ट उघडे पडतात. ज्या शेतासाठी करताय तिथलीच माती आणा, कडक उन्हात चार-पाच दिवस पसरून वाळवा आणि ५०० ग्रॅमचे चार डबे भरा. एक कोरडा, बाकीच्यांत ५०, १०० आणि १५० मिलिलिटर पाणी. नीट कालवून झाकून रात्रभर ठेवा, मग प्रत्येकात दहा रीडिंगं घेऊन मधलं धरा. कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा ओलाव्याबरोबर खाली येतो, त्याला घाबरू नका. तुमच्याकडच्या काळ्या मातीचा त्रास निराळा: वाळली की ती भेगाळते, सेन्सरभोवती हवेची फट पडते आणि खाली ओल असूनही तो ‘कोरडं’ सांगतो. म्हणून सेन्सर ठिबकच्या तोटीजवळ, माती दाबून बसवा. दोन उघड्या काड्यांचा स्वस्त सेन्सर असेल तर त्याला सतत वीज देऊ नका. विद्युत-अपघटनाने काड्या झिजून जातात.

प्रश्न : ३ मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या शीटचा) डबा लेझरवर कापला. ड्रॉइंग अचूक, तरी खाचा ढिल्या. सनबोर्ड वापरू का? (प्रॉडक्ट डिझाइन, पुणे)

उत्तर : लेझर स्वतःच्या रुंदीइतकं लाकूड जाळतो, बऱ्याच यंत्रांवर ते ०.१५ ते ०.२ मिलिमीटर भरतं. त्यात ‘३ मिलिमीटर’ शीट क्वचितच नेमकं ३ असतं. व्हर्नियरने चार जागी मोजा. मग २.६ ते ३.२ पर्यंत ०.१ च्या फरकाने सात खाचांची फणी कापा आणि जी खाच अंगठ्याच्या दाबाने बसेल, ते माप ड्रॉइंगमध्ये घाला. शीट बदललं की फणी नव्याने.

सनबोर्ड लेझरमध्ये अजिबात नको. तो बहुधा पीव्हीसीचा फोम असतो. जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, फुप्फुसांना आणि यंत्राच्या लोखंडाला दोन्हींना खातो. तो कटर-पट्टीनेच कापा.

प्रश्न : मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात. गुण कसे द्यावेत? (प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : तोंडी परीक्षेत वीज बंद करून एक वायर काढा, गटाला मल्टिमीटर द्या आणि १५ मिनिटांत दोष शोधायला सांगा. गुण दुरुस्तीला कमी, शोधायच्या क्रमाला जास्त. आठवड्याची वही बघताना चालू प्रोजेक्टचे फोटो नको, काय बिघडलं आणि कशाने कळलं तेवढंच मागा.