कारखान्यात ईआरपी बसवताना नेमकं कुठे चुकतं?

तुमचं सॉफ्टवेअर ठरलंय, कन्सल्टंटही ठरलाय, आणि सहा महिन्यांत कारखान्यात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, सुरू करायचं आहे. त्यामुळे कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं यात शिरत नाही. माझ्या मते ईआरपी प्रोग्रॅममुळे क्वचितच फसतं. ते फसतं त्यात भरलेल्या मास्टर डेटामुळे, म्हणजे वस्तू, पुरवठादार, दर अशा मूळ माहितीमुळे, आणि वेळापत्रकात सगळ्यात कमी दिवस याच कामाला ठेवलेले असतात.

आधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची कोडसह यादी, हातात घ्या. जुन्या एक्सेलमध्ये '६२०५ झेडझेड' आणि '६२०५-२झेड' असे दोन बेअरिंग दिसतील. दोन्हीकडे धातूच्या शील्डचं तेच बेअरिंग आहे, फक्त कंपन्यांची लिहायची पद्धत वेगळी. उलट '६२०५-२आरएस' मात्र रबर सीलचं, म्हणजे वेगळं. हा फरक आयटीच्या माणसाला कळणार नाही. म्हणून डुप्लिकेट कोड काढायला स्टोअर आणि मेंटेनन्सची माणसंच बसवा. त्याच बैठकीत युनिट ठरवा. पत्रा किलोवर विकत येतो आणि स्टोअरमधून कामाला नगावर दिला (इश्यू) जातो, तार किलोवर येते आणि मीटरवर लागते. प्रत्येक आयटमचं रूपांतर वेगळं लिहावं लागतं. एकदा व्यवहार पडले की बहुतेक प्रणालींत मूळ युनिट बदलता येत नाही, नवा कोड उघडावा लागतो.

एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी आणि किती मागवायचा हे सुचवणारा भाग, पहिल्या दिवसापासून चालू करायचा मोह टाळा. साठ्याची नोंद किमान ९५ टक्के आणि बीओएम (एका उत्पादनाला लागणाऱ्या सुट्या मालाची यादी) ९८ टक्के अचूक हवी, हा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. तपासणं सोपं आहे: कोणतेही १०० आयटम निवडा, प्रत्यक्ष मोजा, नोंदीशी जुळवा. ९५ जुळले नाहीत तर एमआरपी थांबवा. लीड टाइमच्या (ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणाऱ्या दिवसांच्या) रकान्यात सरसकट ३० दिवस भरले असतील तरीही थांबवा. तसं न केल्यास सूचना चुकीच्या येतात, परचेसवाले महिन्याभरात परत एक्सेलकडे वळतात, आणि मग त्यांना माघारी आणणं फार अवघड जातं.

निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे साठा शून्याखाली जाऊ देण्याची, परवानगी बंद ठेवा, यावर मी अडून बसेन. साठा शून्य असताना, नवा माल आल्याची नोंद (जीआरएन) व्हायच्या आत, १० नग जुन्या १०० च्या दराने इश्यू झाले असं समजा. खात्यात उणे १००० आले. मग २० नग १३० च्या दराने आले, म्हणजे २६००. एकूण किमतीला एकूण नगांनी भागून सरासरी दर काढणाऱ्या प्रणालीत उरलेल्या १० नगांची किंमत १६०० दिसते, नगाला १६०. खरी किंमत १३० आहे. चूक कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्या दराने पुढचं सगळं कॉस्टिंग बिघडत जातं.

कस्टमायझेशनची, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेण्याची, मागणी आली की एकच विचारा: हे कायद्याने लागतं का, किंवा यामुळे ग्राहक आपल्याकडे येतो का? दोन्हीला 'नाही' असेल तर आपली पद्धत बदला. लिडल या जर्मन किरकोळ विक्री साखळीने साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची आपली पद्धत सोडली नाही, तर एसएपी या ईआरपी कंपनीचं किरकोळ विक्रीसाठीचं तयार पॅकेज विक्री किमतीवर चालत होतं. बदलांचा पसारा वाढत गेला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चल्याचं सांगितलं जाणारा तो प्रकल्प २०१८ मध्ये सोडून द्यावा लागला.

चाचणीत सगळे सरळ व्यवहार करून दाखवतात. तुम्ही वाकडे करायला लावा: अर्धा माल आला, दर बिलात वेगळा लागला, माल परत गेला, इन्व्हॉइस रद्द झालं, झालेलं काम दुरुस्तीला (रिवर्क) परत गेलं. प्रणालीत नवा वेंडर नोंदवणारा आणि त्याचं पेमेंट सोडणारा माणूस एकच नाही ना, हेही तेव्हाच बघा.

डेटा नव्या प्रणालीत आणण्याची तालीम किमान तीनदा, घड्याळ लावून करा. दर वेळी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), साठ्याची एकूण किंमत आणि लेजरमधलं साठ्याचं खातं, आणि माल आलाय पण बिल आलेलं नाही अशांची यादी. ही तिसरी यादी हमखास राहून जाते. परचेस ऑर्डरही उरलेल्या संख्येच्याच आणा, नाहीतर आलेला माल पुन्हा 'येणे' दिसतो.

सुरुवातीची तारीख हंगामाच्या तोंडावर नको. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन सणाच्या ऑर्डर सुरू होताना, एकदम तीन प्रणाली चालू केल्या. माल असूनही १० कोटी डॉलरहून अधिकच्या ऑर्डर पुऱ्या करता आल्या नाहीत.

जुनी-नवी प्रणाली महिनोन् महिने समांतर चालवू नका. तीच माणसं दुप्पट नोंदी करतात आणि दोन्हीकडे चुकतात. त्याऐवजी प्रत्येक विभागातला एक जाणकार माणूस निदान अर्धा दिवस याच कामाला मोकळा करा, आणि त्याचं रोजचं काम लेखी दुसऱ्याकडे द्या. कन्सल्टंटचा शेवटचा हप्ता गो-लाइव्हच्या, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, तारखेला बांधू नका. खऱ्या अडचणी महिनाअखेर हिशोब बंद करताना वर येतात, म्हणून तो हप्ता दुसऱ्या महिन्याचा हिशोब बिनचूक बंद झाल्यावरच द्यायचा, असं करारात लिहून घ्या.