मोलस्कमच्या पुटकुळ्या आणि ‘थांबून पाहू’चा ताण

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाविषयी बोलायला आल्या, तेव्हा निदान आधीच झालेले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाच्या काखेत आणि पोटावर उठलेल्या पुटकुळ्या म्हणजे ‘मोलस्कम कंटॅजिओसम’ हा त्वचेचा विषाणूजन्य संसर्ग असून त्या आपोआप जातील, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले होते. बाईंना नेमके तेच पटत नव्हते. “मॅडम, संसर्गजन्य आहे म्हणतात आणि औषधही देत नाहीत. शाळेत पाठवू की नको? सोसायटीतल्या बायका म्हणतात, त्याला पोहायला सोडू नका.”

निदान हे माझे क्षेत्र नव्हे; पालकांशी बोलून त्यांचा ताण हलका करणे हे माझे काम. पण ‘काही नाही, जाईल’ एवढे सांगून पालकांना घरी पाठवले की उरलेली जागा इंटरनेट भरून काढते, हे मी नेहमी पाहते. या विषाणूचे कूळ देवीच्या विषाणूचेच, असे बाईंनी वाचले होते. ते खरेही आहे; परंतु देवीचे जगातून निर्मूलन झाल्याचे १९८० मध्येच जाहीर झाले असून मोलस्कमचा हा विषाणू केवळ त्वचेच्या वरच्या थरात राहतो, शरीरात पसरत नाही, हे वाक्य त्यांच्या वाचनात आले नव्हते.

पुटकुळी ओळखणे तसे अवघड नसते. साधारण दोन ते पाच मिलिमीटरची, घट्ट, मोत्यासारखी चकचकीत आणि मधोमध बारीक खळगा असलेली. बाई रोज रात्री मुलगा झोपला की मोबाईलच्या उजेडात त्या मोजत आणि आकडा कॅलेंडरवर लिहीत. मुलाला ते कळले होते. तो घरातही शर्ट काढेनासा झाला होता, आणि माझ्या दृष्टीने पुटकुळ्यांपेक्षा हे अधिक काळजीचे होते.

मोजणी एकदम बंद करा, असे मी सांगितले नाही, कारण घाबरलेल्या माणसाला तसे जमत नाही. ती रविवारच्या अंघोळीपुरती ठेवायची आणि मुलाशी बोलत, उघडपणे करायची, असे ठरले. या पुटकुळ्या जायला बहुतेकदा सहा ते अठरा महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो, हे कळल्यावर रोजच्या आकड्याचा जोर आपसूक ओसरला. शाळा बुडवण्याचे कारण नव्हते. पोहायलाही हरकत नव्हती. पुटकुळ्यांवर पाण्याने न निघणारी पट्टी लावायची, टॉवेल स्वतःचा वापरायचा, एवढे पुरे होते. वर्गात कोणी विचारलेच तर “डॉक्टरांना दाखवलंय, हळूहळू जाणार आहे” हे उत्तर मुलाने माझ्यासमोर दोनतीनदा म्हणून पाहिले.

सासूबाईंचा आग्रह चुना लावण्याचा होता. चुन्याने कातडी भाजते आणि सुईने फोडले तर आतला विषाणूयुक्त पांढरा भाग शेजारच्या त्वचेला लागून नव्या पुटकुळ्या उठतात, हे मी त्यांना सांगितले. नुसते ‘नको’ म्हटले असते तर त्या दुखावल्या असत्या. म्हणून नातवाची नखे कापणे आणि त्याचा टॉवेल धाकट्या बहिणीच्या टॉवेलापासून वेगळा ठेवणे ही जबाबदारी त्यांच्याकडे दिली, आणि ती त्यांनी चोख पाळली.

काही महिन्यांनी बाईंचा घाबरून फोन आला. दोन पुटकुळ्या लाल होऊन सुजल्या होत्या. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखून कामाला लागली की पुष्कळदा असेच होते आणि त्यानंतर त्या पुटकुळ्या विरतात. तरीही, पू, ताप, वाढत्या वेदना किंवा पसरत जाणारी गरम लाली असेल तर डॉक्टरांना दाखवायचे, हे मी पुन्हा सांगितले. पापणीवर पुटकुळी आली किंवा मुलाला इसब असेल, तरही नुसते थांबून न राहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाईंनी दुसऱ्या दिवशी मुलाला दाखवून आणले. जंतुसंसर्ग नव्हता आणि पोहण्याचा वर्गही चुकला नाही.