बिटकॉइन दाखवून व्हिसा मिळेल का? आधी विका, मग अर्ज करा

तुमचा प्रश्न असा: पुरेसे पैसे बिटकॉइनमध्ये आहेत, युरोपात वर्षभर राहायचं आहे, तर एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपच्या) खात्याचा स्क्रीनशॉट प्रूफ ऑफ फंड्स, म्हणजे खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा म्हणून जोडला तर चालेल का?

त्याच्या भरवशावर अर्ज करू नका. विका, पैसे बँकेत आणा, करासाठीची रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्याचं स्टेटमेंट लावा. वर्षभराचं भाडं आणि जेवणखाण तुमच्या पैशात भागेल का, हे या कागदातून दूतावास बघतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला होता. त्यावर कुणी वर्षाचा हिशेब मांडेल का? जर्मनीने तर विद्यार्थ्यांसाठी ब्लॉक्ड अकाउंटची सोय करून ठेवली आहे: वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ हातात येतात.

हे मला पाठ आहे ते भाच्यामुळे. हिंजवडीत नोकरीला होता. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने क्रिप्टोवरचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं, त्यानंतर त्याने पगारातून थोडं थोडं करत चारेक लाखांचं घेतलं. जर्मनीत मास्टर्सचं ठरलं तेव्हा त्याचे सोळा लाख झाले होते आणि सोळाच्या सोळा आपले असं तो धरून चालला होता. बारा लाख नफ्यावर ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३,७४,४०० रुपये सरकारचे. दुसऱ्या कॉइनमध्ये झालेला तोटा यातून वजा होत नाही.

खरा वाद पुढे झाला. दाजी म्हणाले, "जुगाराचा पैसा आहे, फाइलीत त्याचं नाव नको. मी मुलाला गिफ्ट दिले असं लिहू." एजंटानेही तेच सुचवलं होतं. मी म्हटलं, "दाजी, तुमच्या खात्यातून एक रुपया गेला नाही आणि तुम्ही स्टॅम्प पेपरवर सही करणार? विकताना एक्स्चेंजने त्याच्या पॅनवर १ टक्का टीडीएस कापलाय, तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-पत्रकात, दिसतोय. लपवणार कुणापासून?" दाजी चिडले. ताईने विषय बदलला. पण फाइल मी म्हटलं तशीच लागली.

कर्वे रोडवरच्या बँकेत युरो पाठवायला गेलो. ए-टू फॉर्म (परदेशात पैसे पाठवण्याचा अर्ज) बघून बँकेतल्या मॅडमनी विचारलं, एवढी रक्कम एकदम कुठून आली? भाच्याने कागद पुढे सरकवले: खरेदीच्या वेळचं बँक स्टेटमेंट, एक्स्चेंजचा खरेदी-विक्रीचा तपशील, विक्रीची रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद, २६एएस, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं चलन. त्यांनी पेन्सिलीने एकेक आकडा दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघितला, खुणा केल्या आणि फॉर्म आत पाठवला. क्रिप्टो म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. व्हिसाही आला.

विकताना एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विका. पी-टू-पीमध्ये, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकण्यात, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून अनोळखी माणसाकडून खात्यात रक्कम घेतलीत आणि ती फसवणुकीची निघाली, तर सायबर पोलिसांच्या पत्रावर खातं गोठतं. अर्जाच्या तोंडावर ही आफत कशाला ओढवून घ्यायची? आयकर रिटर्नमध्ये व्हीडीएचं (क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचं) शेड्यूल भरायचं विसरू नका.

देशागणिक नियम वेगळे, हे सांगायचं राहिलं. यूकेच्या स्टुडंट व्हिसाला सहसा सलग २८ दिवस रक्कम खात्यात असावी लागते, तेव्हा आदल्या आठवड्यात विकून भागत नाही. तुम्ही देश लिहिलेला नाही, त्यामुळे रक्कम त्या दूतावासाच्या यादीतूनच घ्या.

आणि वडिलांनी खरंच पैसे दिले असतील तर गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) खुशाल करा. न दिलेले पैसे दिले म्हणून लिहा असं सांगणारा घरातला असला, वयाने मोठा असला, तरी ऐकू नका. दाजी अजून म्हणतात की पोराचं नशीब म्हणून निभावलं. नशिबाचा काही संबंध नव्हता, प्रत्येक रुपयाचा कागद होता.