कंटेनर भरायच्या आधी झाकणावरची तारीख वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही स्पेनमध्ये हाएनजवळ राहता. गावातल्या सहकारी घाण्याचं ऑलिव्ह तेल, ओळखीच्या माणसाचा मध आणि एका बेकरीची बिस्किटं शांघायला पाठवायची आहेत. तिथली चिनी मैत्रीण भागीदार व्हायला तयार आहे. वीस फुटी कंटेनर एकदमच भरावा का, आणि ऑनलाइन विकलं तर कागदपत्रांची कटकट कमी होईल का?

मी नऊ वर्षं शांघायमध्ये हाच धंदा केला, बहुतेक इटलीचा माल. आता पुण्यात आहे, त्यामुळे मला यात काही विकायचं नाही. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

कंटेनर नको. तीन जातींचा माल एकाच कंटेनरमध्ये म्हणजे एका मांडवात तीन लग्नं. एका नवरदेवाचे कागद अडकले की तिन्ही वऱ्हाडं ताटकळत बसतात, आणि मांडवाचं भाडं रोज चढतं.

आधी मध बाजूला ठेवा. तो प्राणिजन्य माल, त्याची आरोग्य प्रमाणपत्रं वेगळी, आणि पहिल्याच फेरीत ते झेंगट गळ्यात कशाला? मांस आणि चीज यांचाही विचार करू नका. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनने ब्री, कामांबेर, रोकफोर अशी बुरशीची मऊ चीज अचानक थांबवली होती आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सोडली. मोठ्या आयातदारांनी तो महिना पचवला. तुमच्या-माझ्यासारख्याचं त्यात वर्षाचं भांडवल सडतं. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून युरोपच्या दुग्धजन्य मालावर अनुदानविरोधी चौकशी लागली. ब्रँडीवर तर जुलै २०२५ मध्ये जादा शुल्क बसलंच. ब्रुसेल्स आणि बीजिंगची भांडणं आपल्या गोदामात सोडवायची नसतात.

आता तेल. १ जानेवारी २०२२ पासून चीनच्या सीमाशुल्क प्रशासनाचा २४८ क्रमांकाचा आदेश लागू झाला, १ जून २०२६ पासून त्याच्या जागी २८० क्रमांकाचा. चीनमध्ये खाद्यपदार्थ पाठवणाऱ्या प्रत्येक परदेशी उत्पादकाची तिथे नोंदणी हवी. २४८ मध्ये अठरा प्रकार जोखमीचे धरले होते, त्यांना स्वतःच्या देशाच्या सरकारी खात्याची शिफारस लागायची. खाद्यतेल त्या अठरांत होतं, मधही होता. साधी बिस्किटं नव्हती, त्यांचा कारखाना 'सिफर' नावाच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करू शकतो. नोंदणी मिळाली की पाच वर्षं चालते, आणि तिचा क्रमांक आतल्या-बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर छापावा लागतो. नियमांत अधूनमधून सुधारणा होतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ताजा मजकूर उघडून बघा, माझ्या आठवणीवर जाऊ नका.

यात लोक कुठे फसतात सांगतो. तुम्ही म्हणता 'आमच्या घाण्याचं तेल'. पण तेल काढतो कोण आणि बाटलीत भरतो कोण? छोट्या सहकारी संस्था पुष्कळदा दुसरीकडून भरून घेतात. मग ज्याची नोंदणी दाखवायची तोच बदलतो. आणि नोंदणी मालाच्या सीमाशुल्क-कोडला बांधलेली असते. साध्या तेलाची नोंदणी दाखवून लसूण किंवा तुळस घातलेलं तेल हळूच सोबत पाठवलं तर ते बंदरात उघडं पडतं.

लेबलबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण पैसे तिथे जातात.

पहिल्याच वर्षी मी जर्दाळूच्या जॅमच्या २,४०० बरण्या आणल्या. माल अव्वल. चिनी लेबलं शांघायच्या बॉण्डेड गोदामात, म्हणजे शुल्क भरून सुटेपर्यंत माल जिथे ठेवतात तिथे, चिकटवायची होती. युरोपच्या बरणीवर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' आणि लॉट क्रमांक (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) एवढंच असतं. चीनला उत्पादनाची तारीख लागते, तीही वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने. लेबल करणाऱ्याने झाकणावरची तारीख उचलली आणि 'उत्पादन दिनांक' या रकान्यात टाकली. मी तपासलं ते फक्त स्पेलिंग. म्हणजे कागदोपत्री आम्ही अजून तयारच न झालेला जॅम चीनमध्ये आणून ठेवला होता! अधिकाऱ्याने बरणी हातात फिरवली, आधी झाकण वाचलं, मग लेबल वाचलं, आणि काही न बोलता बरणी माझ्यासमोर ठेवली.

मग काय, हेअर ड्रायरने लेबल गरम करायचं, नखाने कोपरा उचलायचा, उरलेला डिंक पुसायचा. दोन हजार चारशे वेळा. इटलीच्या कारखान्याकडून लॉटवार उत्पादनाच्या तारखांचं सही-शिक्क्याचं पत्र यायला आठवडा गेला, कारण तिकडे कुणाला कळेना की हे असलं पत्र लागतंच कशाला. एकूण तेवीस दिवस. त्या खेपेत नफा राहिला नाही, बोटांची सालं तेवढी गेली.

म्हणून घाण्याकडून ते पत्र आधी मागा, पैसे देण्याच्याही आधी. 

चीनच्या राष्ट्रीय मानकांना 'जीबी' म्हणतात. लेबलचं मुख्य मानक जीबी ७७१८ आणि पोषण तक्त्याचं जीबी २८०५०. तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये, प्रथिनं, मेद, कर्बोदकं आणि सोडियम द्यायचं. दोन्हींच्या २०२५ च्या नव्या आवृत्त्या १६ मार्च २०२७ पासून लागू, आणि तेव्हा तक्त्यात संपृक्त मेद आणि साखर हेही येतं. तेव्हा स्वस्त पडतात म्हणून लेबलांचा ढीग छापून ठेवू नका. दुसरं असं की लेबलवर चीनमधल्या आयातदाराचं किंवा एजंटाचं नाव-पत्ता असतो. एजंटाशी बिनसलं की उरलेली लेबलं रद्दीत.

'चिनी लेबल बरोबर आहे ना, मग मूळ डब्यावर काही का असेना' असंही समजू नका. परदेशी भाषेतल्या मजकुराला चिनी मजकूर जुळावा लागतो. माझ्या बिस्किटांच्या डब्याच्या कडेला बारीक अक्षरात 'भरपूर तंतू' (फायबर) असं इंग्रजीत होतं. असा दावा असेल तर तंतूंचं प्रमाण तक्त्यात हवं, आणि आमच्या चिनी तक्त्यात ते नव्हतं. बंदरातून डबे सुटले, दुकानात गेले. मग एका गिऱ्हाइकाने ३८ युआनचे सहा डबे घेतले, रीतसर पावती घेतली, आणि चौथ्या दिवशी नोटीस आली. चीनच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १४८ प्रमाणे मानकात न बसणाऱ्या मालासाठी ग्राहक किमतीच्या दहापट भरपाई मागू शकतो, आणि ती रक्कम हजार युआनच्या खाली असेल तर हजार. हिशेब करा: २२८ चे २,२८०. त्या कलमात एक सूट आहे. लेबलमधली चूक किरकोळ असेल, अन्नाच्या सुरक्षिततेला बाधा येत नसेल आणि ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर दहापट लागत नाही. पण ते न्यायालयात सिद्ध करण्यापेक्षा मी पैसे देऊन मोकळा झालो. 

हाच धंदा करणारे लोक तिथे आहेत, त्यांना 'दा-ज्या-रन' म्हणतात, म्हणजे खोटा माल पकडणारे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना थोडा लगाम घातला, घरगुती गरजेइतक्या खरेदीपुरतीच दहापट भरपाई, असा. माझे सहा डबे मात्र त्यातही बसले असते. त्या माणसाचा मला आता राग येत नाही. माझ्या डब्याची चारही अंगं त्याने वाचली होती, मी तीनच.

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की 'चीनमध्ये ओळख असली की सगळं सुटतं'. ओळखीने फोन उचलला जातो, एवढं खरं. लेबलवरची तारीख ओळखीने बदलत नाही.

आता बिस्किटांचा हिशेब मुदतीच्या बाजूने करून बघा. समजा मुदत बारा महिने. दुकानं आणि घाऊकवाले बहुतेक ठिकाणी एक तृतीयांश मुदत उलटलेला माल घेत नाहीत, म्हणजे तुमच्या हातात चार महिने. बेकरीतून निघून जहाजावर चढेपर्यंत तीन-चार आठवडे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तो वळसा असेल तर समुद्रात दीड-दोन महिने धरा. बंदर, तपासणी, लेबल यात आणखी महिना. झाले की चार! बिस्किटं शांघायला पोचतात ती थेट 'लिन-छी' दुकानात, म्हणजे मुदत संपत आलेला माल मोडीच्या भावात विकणाऱ्यांकडे. ती दुकानं झकास चालतात, पण तुमच्या जिवावर. तेलाची मुदत दीड-दोन वर्षांची असते, म्हणून तिथे श्वास घ्यायला जागा आहे.

रेल्वेही आहे. यीवू ते माद्रिद ही मालगाडी नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, सुमारे १३,००० किलोमीटरची वाट. जहाजापेक्षा लवकर पोचते, पण भाडं जास्त, आणि हिवाळ्यात कझाकस्तानातून जाताना तेल थिजतं. ते खराब होत नाही, पण बाटलीच्या तळाशी पांढरं बघून घेणारा घाबरतो.

कराचं फार अवघड नाही. ऑलिव्ह तेलावर १० टक्के आयात शुल्क, त्यावर ९ टक्के व्हॅट. बंदरात शंभराला पोचलेला माल ११९.९० ला पडतो. वाइनचं १४ टक्के शुल्क, १० टक्के उपभोग कर आणि १३ टक्के व्हॅट मिळून तेच शंभर १४३ होतात, म्हणून कुणी 'सोबत थोडी वाइनही टाक' म्हणालं तर हसून सोडून द्या.

कंपनी लगेच काढू नका. पहिल्या दोन-तीन खेपा आयात-एजंटाच्या नावावर करा. टक्केवारी घेतो, पण सीमाशुल्काकडची आयातदाराची नोंद त्याची असते, कागद त्याला पाठ असतात. मैत्रिणीने विक्री बघावी. बंद वेष्टनातला माल विकायला २०२१ पासून पूर्ण परवान्याऐवजी नोंद पुरते. प्रत्येक खेपेचा तपासणी-दाखला मात्र तिने जपून ठेवावा, दुकानदार आणि ऑनलाइन मंच पहिल्यांदा तोच मागतात.

ऑनलाइनचा सीमापार मार्ग मोहक आहे. ठरलेल्या यादीतला माल बॉण्डेड गोदामातून थेट ग्राहकाला जातो, आयात शुल्क शून्य, व्हॅट नेहमीच्या दराच्या सत्तर टक्केच, म्हणजे तेलाला ९ ऐवजी ६.३ टक्के. चिनी लेबल डब्यावर नसलं तरी माहिती पडद्यावर चालते. ग्राहकाला एका खरेदीला ५,००० आणि वर्षाला २६,००० युआनची मर्यादा. पण असा माल पुढे दुकानात विकता येत नाही, आणि अनोळखी बाटली पडद्यावर दिसावी म्हणून जाहिरातीला जो पैसा लागतो तो शुल्कात वाचलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. मी हा मार्ग फक्त चव चाचपायला वापरला. तिथे गोड पदार्थाची सगळ्यात मोठी स्तुती 'फार गोड नाही' ही असते, हे मला त्यातूनच कळलं. तुमच्या बेकरीवाल्याला साखर कमी करायला जमेल का विचारा.

विक्रीचं खरं सांगायचं तर चीनमध्ये येणाऱ्या ऑलिव्ह तेलात स्पेनचाच वाटा सगळ्यात मोठा, म्हणजे तुमची स्पर्धा तुमच्याच शेजाऱ्यांशी. घरच्या कढईत मोठ्या आचेवर परतायला लोक हे तेल फारसं घेत नाहीत. ते जातं भेट म्हणून, दोन बाटल्यांच्या लाल खोक्यात, वसंतोत्सवाच्या म्हणजे चिनी नववर्षाच्या आधी. सण जानेवारी-फेब्रुवारीत, खोकी दुकानात डिसेंबरात हवीत, तेव्हा माल ऑगस्टअखेर निघायला हवा. पहिल्या खेपेला इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या सामायिक कंटेनरमध्ये दोन पॅलेट (माल रचायच्या लाकडी फळ्या) मावतील एवढीच जागा घ्या, पुरे.

आणि नाव. तेलाला चिनी नाव ठेवून ट्रेडमार्क आधी तिथे नोंदवा, माल नंतर. तिथे जो आधी अर्ज करतो त्याचं नाव. फ्रान्सच्या कास्तेल या बलाढ्य वाइन कंपनीलाही स्वतःच्या चिनी नावासाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. मैत्रीण कितीही जवळची असो, अर्ज तुमच्या किंवा घाण्याच्या नावावर.

तर आता घाण्यात जाऊन तीन गोष्टी विचारा: बाटली कोण भरतं, त्याची चीनमध्ये नोंदणी आहे का, आणि लॉटवार भरण्याच्या तारखांचं पत्र देतील का. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाकलात तर लेबलवर काय खटकतं ते मी बघून सांगतो. कडेचाही टाका.