चित्रफितींचे तालिकीकरण: शीर्षक कोठून घेतले, ते नोंदीत लिहावेच

सुमारे पाचशे डीव्हीडी आणि काही व्हीएचएस कॅसेटी एकदम दाखल झाल्या आहेत, विभागात त्या लावून पाहण्याची सोय नाही, दोन महिन्यांत ग्रंथालयाच्या तालिकेतील (कॅटलॉगमधील) सर्व नोंदी पूर्ण करायच्या आहेत, आणि अशा वेळी वेष्टनावरील मजकूर पाहून नोंदी केल्या तर चालेल का, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न अनेक वर्षांपूर्वी माझ्यासमोर होता. त्या वेळी मी स्वतःला जे उत्तर दिले त्याची किंमत पुढे दीड वर्ष मोजावी लागली, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या साच्यातील क्रमांकित क्षेत्रे, आरडीए या तालिकीकरणाच्या नियमावलीतील आशय, माध्यम आणि वाहक या तीन प्रकारांच्या नोंदी वगैरे गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे गृहीत धरते. आपल्या ग्रंथालयाचे धोरण आणि सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. त्यामुळे पुढील मजकूर एका अनुभवी सहकाऱ्याचे मत म्हणून वाचावा, नियमाचा अधिकृत अर्थ म्हणून नव्हे.

प्रथम आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर देते. वेष्टनावरून नोंद करण्यास नियमांची बंदी नाही. आरडीएच्या आधीच्या एएसीआर२ या नियमावलीच्या सातव्या प्रकरणात माहितीचा मुख्य स्रोत म्हणजे ती चित्रफीत स्वतः, म्हणजे पडद्यावर दिसणारे शीर्षक आणि श्रेयनामावली, असे मानले होते. आरडीएनेही चलत्‌चित्रांसाठी पडद्यावरील शीर्षकालाच पहिली पसंती दिली आहे. पडद्यावरील शीर्षक पाहणे शक्य नसेल तर तबकडीवर कायमस्वरूपी छापलेल्या किंवा चिकटवलेल्या लेबलाकडे वळता येते, आणि तेथेही काही मिळाले नाही तर वेष्टनाकडे. मात्र असे करताना शीर्षक कोठून घेतले याची टीप ५०० या सर्वसाधारण टीपांच्या क्षेत्रात लिहिणे अपेक्षित असते. ही एवढीशी टीप मी लिहिली नव्हती. माझी सर्वांत महाग पडलेली चूक ती हीच.

आमच्याकडे सहाशेहून अधिक चित्रफिती होत्या. त्यांतील काही मी एका शिक्षकांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या प्लेअरवर लावून पाहिल्या होत्या, आणि उरलेल्यांच्या नोंदी वेष्टने समोर ठेवून केल्या होत्या. कोणत्या नोंदी पाहून केल्या आणि कोणत्या न पाहता केल्या, हे मला त्या वेळी पाठ होते. आपल्यालाच ठाऊक असलेली गोष्ट नोंदीत कशाला लिहायची, असे मला वाटले. एका वर्षानंतर कपाटांत जागा पुरेना, म्हणून सर्व मूळ वेष्टने काढून तबकड्या पातळ डब्यांत ठेवाव्यात असा निर्णय वरून आला आणि वेष्टने रद्दीत गेली. त्यानंतर वाचक ज्या शीर्षकाने तबकडी मागत ते शीर्षक तालिकेत असे, पण तबकडीवर मात्र केवळ एक निर्मात्याचा क्रमांक किंवा वेगळेच संक्षिप्त नाव छापलेले असे, आणि पडद्यावर तिसरेच नाव येई. दाखल क्रमांकाचे लेबल आम्ही वेष्टनावर लावले होते. वेष्टनांबरोबर ते क्रमांकही गेले. डबे बदलताना क्रमांक नव्या डब्यांवर उतरवण्याचे काम दोन हंगामी सहायकांनी घाईत केले होते आणि त्यात किती ठिकाणी अदलाबदल झाली हे सांगण्यास काहीही पुरावा उरला नव्हता.

कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा, हे नोंद पाहून कळतच नव्हते. "शीर्षक वेष्टनावरून" असे दोन शब्द जिथे लागू होते तिथे लिहिलेले असते, तर फक्त तेवढ्याच नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या. ते नव्हते, म्हणून प्रत्येक तबकडी पुन्हा लावून पाहावी लागली, पूर्वी पाहिलेल्याही. माझ्या आठवणीवर मी स्वतःही अवलंबून राहू शकले नाही, कारण मधल्या काळात बरेच काही विसरले होते.

आता ज्या कार्यालयाकडून मदतीची अपेक्षा होती त्याविषयी. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. एका प्लेअरची आणि लहान पडद्याची मागणी मी सुरुवातीलाच लेखी केली होती. तालिकीकरण विभागाला चित्रपट पाहण्याचे कारण काय, अशा शेऱ्यासह ती परत आली. पुस्तकाचे मुखपृष्ठामागील पान उघडल्याशिवाय कोणी पुस्तकाची नोंद करत नाही आणि चित्रफितीचे ते पान पडद्यावरच उघडते, हे मी दुसऱ्या पत्रात लिहिले. त्याला उत्तर आले नाही. दर महिन्याला मात्र नोंदींची संख्या मागवणारे पत्र न चुकता येत असे. वेष्टने गेल्यानंतर झालेला घोळ कळवून मार्गदर्शन मागितले तेव्हा "सदर प्रकरण आपल्या स्तरावर निकाली काढावे" एवढे एक वाक्य मिळाले. ज्यांनी नोंदींची संख्या मोजली त्यांनी एकाही नोंदीची गुणवत्ता कधी तपासली नाही, याचा मला आजही राग आहे. आपल्याला सल्ला असा की प्लेअरची मागणी लेखी करावी, तिची पोच जपून ठेवावी, आणि मागणी नाकारली गेली तर त्या तारखेपासूनच्या प्रत्येक नोंदीत शीर्षकाचा स्रोत न चुकता लिहावा.

वेष्टन आणि पडदा यांत फरक तरी किती असणार, असे आपल्याला वाटत असेल तर काही उदाहरणे देते. वेष्टन विक्रीसाठी रचलेले असते. त्यावर प्रमुख कलाकाराचे नाव शीर्षकाच्या आधी आणि शीर्षकाहून मोठ्या अक्षरांत असते. जाहिरातीची ओळ शीर्षकाखाली अशी बसवलेली असते की ती शीर्षकाचाच पुढील भाग वाटावी. वितरक संस्था "अमुक प्रस्तुत" असे शब्द शीर्षकाला जोडते, आणि आरडीएनुसार असे प्रास्ताविक शब्द शीर्षकाचा भाग म्हणून नोंदवायचे नसतात. मालिकेतील एका भागाच्या वेष्टनावर मालिकेचे नाव ठळक आणि भागाचे नाव मागच्या बाजूला बारीक असते. दोन लघुपट एका तबकडीवर असतील तर वेष्टन एकाचेच नाव मिरवते आणि दुसरा तालिकेतून कायमचा अदृश्य होतो. ही शेवटची चूक मला सर्वांत वाईट वाटते, कारण जे आपल्याकडे आहे तेच वाचकाला नाही म्हणून सांगितले जाते. पडद्यावरील शीर्षक २४५ या मुख्य शीर्षकाच्या क्षेत्रात घ्यावे आणि वेष्टनावरील वेगळे शीर्षक टाकून न देता २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात द्यावे. वाचक बहुधा वेष्टनावरचेच नाव लक्षात ठेवून येतो.

कालावधीबाबतही वेष्टनावर फार विसंबू नये. वेष्टनावर पुष्कळदा पूरक चित्रफितींसह एकूण वेळ दिलेली असते, किंवा चित्रपटगृहातील मूळ वेळ. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, तर पाल या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखवल्या जातात. त्यामुळे तोच चित्रपट पाल तबकडीवर साधारण चार टक्के लवकर संपतो, म्हणजे १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत. हे ठाऊक नसताना मी दोन प्रतींच्या वेळेतील पाच मिनिटांचा फरक पाहून एक प्रत काटछाट केलेली आहे अशी टीप लिहिली होती आणि ती साफ चुकीची होती. अर्थात काटछाट खरोखरच असू शकते, म्हणून असा फरक दिसल्यास आधी दोन्ही तबकड्यांची पद्धत पाहावी. ००८ क्षेत्रातील १८ ते २० या स्थानांत वेळ फक्त मिनिटांत आणि तीन अंकांत लिहायची असते. दोन तास पंधरा मिनिटे म्हणजे १३५, २१५ नव्हे. ही चूक मी इतक्या नोंदींत पाहिली आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

वर्षाचा गोंधळ याहून अधिक खोल आहे. वेष्टनाच्या मागे तीन-चार वर्षे छापलेली असतात: मूळ चित्रपटाच्या हक्काचे, वेष्टनाच्या सजावटीच्या हक्काचे, पूरक साहित्याचे. आपण नोंद करतो आहोत ती हातातील तबकडीची, म्हणून २६४ मध्ये या तबकडीच्या प्रकाशनाचे वर्ष यावे. मूळ प्रदर्शनाचे वर्ष टीपेत द्यावे, ०४६ क्षेत्रातही ठेवता येते. जुन्या नोंदी तपासण्याची एक सोपी युक्ती सांगते. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम बाजारात आली, व्हीएचएस १९७६ मध्ये आणि ब्लू-रे २००६ मध्ये. सॉफ्टवेअरमधून डीव्हीडीच्या अशा सर्व नोंदी काढाव्यात ज्यांत प्रकाशनवर्ष १९९६ च्या आधीचे आहे. त्या सगळ्या चुकीच्या असणारच, कारण तेव्हा ते माध्यमच अस्तित्वात नव्हते. आमच्याकडे अशा चाळीसहून अधिक नोंदी एका शोधात सापडल्या.

दिग्दर्शकाचे नाव १०० क्षेत्रात लेखकाप्रमाणे द्यावे का, हा आपला दुसरा प्रश्न. सामान्यतः देऊ नये. चित्रपट ही अनेकांची मिळून झालेली कृती असल्याने मुख्य नोंद शीर्षकाखाली जाते आणि दिग्दर्शक, निर्माता, पटकथाकार यांना ७०० मध्ये त्यांच्या भूमिकेसह स्थान मिळते. एखाद्या व्यक्तीने एकट्यानेच केलेली दृश्यकृती असेल तर गोष्ट वेगळी. छायालेखक, संकलक, संगीतकार ५०८ मध्ये आणि कलाकार, निवेदक ५११ मध्ये द्यावेत. यात फार वेळ घालवू नये.

भाषेवर मात्र वेळ घालवावा. वेष्टनावर पाच भाषा लिहिलेल्या असतात आणि तबकडीच्या निवडसूचीत तीनच निघतात, असे अनेकदा घडते. बोललेली भाषा आणि पडद्याच्या तळाशी येणारा अनुवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०४१ मध्ये त्यांची उपक्षेत्रे वेगळी आहेत आणि ५४६ मध्येही त्या वेगवेगळ्या स्पष्ट कराव्यात. मराठीत नोंद करताना माझा आग्रह असतो की पडद्यावरील अनुवादाला "सबटायटल" म्हणावे, कारण "उपशीर्षक" हा शब्द तालिकीकरणात शीर्षकाच्या दुसऱ्या भागासाठी आधीच वापरात आहे, आणि एकाच नोंदीत तो दोन अर्थांनी आला की पुढचा तालिकाकार गोंधळतो. ज्यांना ऐकू येत नाही अशा वाचकांसाठी सबटायटल आहेत की नाहीत ही माहिती शोभेची नाही. तबकडी घरी न्यावी की नाही हे त्यांना त्या एका ओळीवरून ठरवावे लागते.

संस्थेतील व्याख्यानांचे स्वतः केलेले चित्रीकरण आपल्या संग्रहात असेल तर त्याला प्रकाशक शोधत बसू नये. ते अप्रकाशित आहे. शीर्षक आपण रचून चौकोनी कंसात द्यावे, तसे केल्याची टीप लिहावी, आणि ५१८ मध्ये चित्रीकरणाची तारीख व स्थळ द्यावे. वक्त्याला प्रत्यक्ष ओळखणारे कोणी जोवर उपलब्ध आहे तोवर हे काम उरकावे. तसेच दाखल क्रमांकाचे कागदी लेबल तबकडीवर चिकटवू नये, कारण वेगाने फिरताना तोल बिघडतो आणि लेबल प्लेअरमध्ये सुटूही शकते. क्रमांक तबकडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्यावर आधारित शाईने लिहावा. आमचे क्रमांक तेथे असते तर वेष्टने गेली तरी चित्रफिती हरवल्या नसत्या.

दोन महिन्यांचे गणित मला अशक्य वाटत नाही, कारण प्रत्येक चित्रफीत पूर्ण पाहायची नसते. सुरुवातीची शीर्षके, शेवटची श्रेयनामावली आणि तबकडीची निवडसूची एवढे पाहण्यास सरावाने दहा ते बारा मिनिटे लागतात. पाचशे तबकड्यांना हे सुमारे शंभर तास होतात. नोंद भरण्याचा वेळ त्यावर वेगळा. तेवढेही मिळणार नसतील तर आधी मालिका, एकाहून अधिक कृती असलेल्या तबकड्या आणि दोन प्रतींत वेगळे दिसणारे चित्रपट पाहावेत. उरलेल्यांच्या नोंदी वेष्टनावरून कराव्यात, स्रोताची टीप लिहावी आणि मूळ वेष्टनाची पुढची-मागची बाजू स्कॅन करून ठेवावी. मात्र सुरुवात कॅसेटींपासून करावी. फीत दरवर्षी झिजते, आणि व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात जपानी उत्पादकाने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आहे. आज कोणाकडून उसने मिळेल असे चालू यंत्र पुढील वर्षी मिळेलच असे नाही. कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या कडेची, नवे रेकॉर्डिंग होऊ देणारी लहान पट्टी तोडलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. ती शाबूत असेल आणि चुकून रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले तर नोंद करण्यासारखे काही उरणार नाही.