कोकणातला निवांत मुक्काम : खोली, ताट, पाणी आणि पावती

किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. चार-सहा खोल्या, पुढे पडवी, मागे माडाची वाडी आणि सगळा कारभार घरच्या तिघा-चौघांच्या अंगावर, अशा ठिकाणांबद्दलच ही उत्तरं आहेत. स्वागतकक्ष आणि लिफ्ट असलेल्या मोठ्या रिसॉर्टचं गणित वेगळं असतं.

प्रश्न : जाहिरातीत 'बीच टच', 'सी फेसिंग' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात खोलीतून समुद्र दिसतच नाही. दापोली-गुहागर भागात खोली ठरवताना फोनवर नेमकं काय विचारावं? (डोंबिवली)

'किनारा किती लांब?' असं विचारलंत तर 'दोन मिनिटं' हेच उत्तर मिळणार. ती पायी की गाडीने, हे गेल्यावर कळतं. त्यापेक्षा खोलीच्या दारातून निघाल्यावर वाळूत पाय पडेपर्यंत मध्ये काय काय लागतं ते विचारा. रस्ता, दुसऱ्याची वाडी, सुरूचं बन, खाडीचा चिखल? व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागायचा तर खोलीचा मागू नका. दारापासून वाळूपर्यंत न थांबता चालत काढलेला मागा. सरळ मालक तो लगेच पाठवतो. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

समुद्र दिसत नाही म्हणजे दर वेळी फसवणूकच असते असं नाही. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. शिवाय गुहागर, दिवेआगरसारख्या गावांची मूळ रचनाच तशी आहे : रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. तिथे समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते आणि दुपारी सावली असते. याउलट समुद्राकडे तोंड असलेली खोली पश्चिमेला उघडते. दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट पलंगावर येतं. मार्च ते मे या दिवसांत तशी खोली घ्यायचीच असेल तर पुढे खोल पडवी आहे ना, ते पाहा.

मग छपराचं विचारा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. कौलाखाली लाकडी माळा असेल तर सोन्याहून पिवळं. वर नुसता पत्रा आणि खाली तो झाकणारं फॉल्स सीलिंग असेल, तर एसीशिवाय डोळ्याला डोळा लागणार नाही.

एसीची चौकशी करताना वीज गेल्यावर काय काय चालतं हेही विचारा. 'बॅकअप आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. छोट्या ठिकाणी तो बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर, आणि त्यावर पंखा नि दिवा चालतो, एसी नाही. एसीला जनरेटर लागतो. असलाच तर रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवतात ते विचारून घ्या. आणखी एक गोष्ट. हंगामात संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम लागले की व्होल्टेज उतरतं. मग कॉम्प्रेसर उचलतच नाही आणि एसी नुसता वारा फेकत बसतो. स्टॅबिलायझर लावलेला असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर पाण्याचंही विचारा. विहिरीतलं गोडं पाणी उपसून कमी झालं की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर मचूळ होते. मग साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. अंघोळीला कुठलं पाणी आणि प्यायला कुठलं, असं सरळ विचारलं तर कोणी रागावत नाही.

प्रश्न : खोली स्वच्छ दिसत होती, पण चादरी ओलसर, उशीला कुबट वास आणि नळांना गंज. हा निष्काळजीपणा म्हणायचा की किनाऱ्यावर असंच असतं? (पुणे)

दोन्ही असू शकतं, आणि कुठलं आहे ते पाच मिनिटांत ओळखता येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन पाझरू लागतं. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे हवा बहुधा याच्या वरच असते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्यात वाळत घातलेली चादर उन्हात कडकडीत होते आणि रात्री पुन्हा दमट लागते. समुद्रात भिजलेला टॉवेल गोड्या पाण्यातून न काढता दोरीवर टाकलात तर तो मुक्कामभर वाळणार नाही, तेही यामुळेच.

तेव्हा दमटपणा माफ. उशीचा अभ्रा मात्र काढून उशीचा वास घ्या. गादीचा भिंतीकडचा कोपरा उचला आणि कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे-हिरवट ठिपके दिसले तर पावसाळ्यानंतर खोली नीट उघडून, सुकवून घेतलेलीच नाही. दुसरी खोली मागा. एसीची जाळी निघत असेल तर तीही पाहून घ्या. कुबट वास पुष्कळदा तिथूनच येतो, आणि ती धुवायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

गंजाचंही तसंच. नळ, कडी, बिजागरी गंजलेली असेल तर सोडून द्या. खारा वारा चांगल्या स्टीललाही डाग पाडतो. पण गिझरच्या सॉकेटला हिरवट-पांढरा थर आला असेल, स्विच दाबताना चरचर होत असेल किंवा ओल्या हाताला नळातून झिणझिण्या येत असतील, तर ती खोली त्याच क्षणी सोडा. अर्थिंग गेलेलं असतं. इथे भीड धरू नये.

खोलीत आल्या आल्या एसी १८ वर लावून खिडक्या उघड्या ठेवल्या की भिंतींना घाम फुटतो आणि मग तक्रारही आपणच करतो. खिडक्या बंद, तापमान २६, पंखा मंद. रिमोटवर 'ड्राय' असेल तर पहिला अर्धा तास तो लावा.

प्रश्न : दुपारच्या जेवणाला दीड तास लागला आणि माशाचा दर बिल आल्यावर कळला. तक्रार करावी का? (कोल्हापूर)

दराची करा, वेळेची नको. पंधरा मिनिटांत ताट आलं तर वाटप सकाळचं किंवा कालचं आहे असं समजावं. ओलं खोबरं खवायचं, मिरची-धण्यांबरोबर वाटायचं, मासा साफ करून हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून निदान वीस मिनिटं ठेवायचा, मग रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून मंद आचेवर परतायचा. चुलीपाशी दोन बायका आणि पडवीत बारा माणसं असतील तर हे घाईत होत नाही.

उपाय म्हणजे आधी सांगणं. दुपारचं जेवण सकाळी नाश्त्याला बसल्यावर सांगा, रात्रीचं दुपारी चारच्या आत. आंबोळ्या हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण पीठ रात्रभर आंबायला हवं. घावणे मात्र तयार पिठाचे लगेच होतात. उकडीचे मोदक, कोंबडी-वडे हेही आयत्या वेळी मागू नयेत. सोमवारी, संकष्टीला आणि श्रावणात काही घरांत मासे शिजत नाहीत, आणि गुहागर-दिवेआगरच्या बऱ्याच खानावळी मुळातच शाकाहारी आहेत. तिथे डाळिंबी उसळ आणि फणसाची भाजी मागा, बांगडा नको.

दराचं म्हणाल तर थाळीत बहुधा ठरलेल्या एकदोन तुकड्या, कालवण, भात, भाकरी किंवा वडे आणि सोलकढी येते, आणि तिचा भाव फळ्यावर असतो. घोळ होतो तो 'मार्केट रेट' लिहिलेल्या सुरमई-पापलेटात. सुरमई तुकडीवर जाते, पापलेट आकारावर. 'आणा एक मोठं' म्हणण्याआधी मासा पाहायला मागा आणि त्याच माशाची किंमत विचारा. घरच्या मंडळींना यात काही वाटत नाही, त्यांचंही लिलावातून आणताना हेच चाललेलं असतं. कल्ला उचलून बघा : आत लालभडक हवा, डोळा फुगीर नि स्वच्छ. तपकिरी कल्ला आणि खोल गेलेला डोळा म्हणजे बर्फातला जुना माल.

बिलावर जीएसटी लावलेला असेल तर त्यांचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के दर आहे. नोंदणीच नसलेल्या घरगुती निवासाला हा कर लावता येत नाही.

प्रश्न : रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरून तारकर्लीला पोहोचलो, तर खोली दुपारी बारापर्यंत मिळणार नाही म्हणाले. (ठाणे)

त्यांचंही खरं आहे. आधीचे पाहुणे दहा-अकराला निघतात, त्यानंतर झाडलोट. आरक्षण करतानाच 'सकाळी पोहोचतोय, सामान ठेवायला आणि अंघोळीला जागा मिळेल का?' असं विचारून ठेवा. बहुतेक जण सोय करतात, आणि मधल्या वारी आदली रात्र रिकामी असेल तर खोलीही देतात. कुडाळ ते मालवण पाऊण-एक तास, तारकर्ली त्याच्या थोडं पुढे. रिक्षा हॉटेलवाल्यांकडूनच सांगून ठेवली तर भाडं आधी कळतं. गाडीचं तिकीट आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच निघतं. गणपती नि शिमग्याचा विचार असेल तर तारीख डायरीत लिहून ठेवा. गणपतीत घरात चाकरमानी भरलेले असतात, त्यामुळे कित्येक घरगुती निवास त्या दिवसांत पाहुणे घेतच नाहीत.

प्रश्न : मुलं सोबत आहेत. हॉटेलसमोरच्या समुद्रात कधी उतरावं? (नागपूर)

हॉटेलवाल्यांना विचाराच, पण भरतीची वेळ स्वतःलाही काढता यायला हवी. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, नऊला. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला, आणि त्या दिवसांत उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-रायगडकडे बरोबर बसतो. मालवण-वेंगुर्ल्याला भरती थोडी आधी येते.

मुलांना पाणी चढतं असताना, गुडघाभर पाण्यात न्या. उतरत्या पाण्यात ओढ समुद्राकडे असते. खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी, जसं देवबागला कर्ली नदी मिळते तिथे, ओहोटीला पोहायचं नाव काढू नका. लाटांच्या रांगेत मध्येच जिथे लाट फुटत नाही, पाणी गढूळ आणि शांत दिसतं, ती जागा मुलांना सगळ्यात आवडते, आणि तिथेच बाहेर ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग आत या. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी काही पावलांतच पाणी खोल होतं, तिथे पाय भिजवण्यावर समाधान मानावं.

गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीला चाक गिळते, आणि ट्रॅक्टरवाला येईपर्यंत खारं पाणी इंजिनात गेलेलं असतं.

प्रश्न : वाडीतल्या खोलीत विंचू-सापाची भीती कितपत? (सोलापूर)

रात्री पडवीतून उतरताना बॅटरी हातात आणि चपला पायात असल्या की बरीचशी भीती संपते. चिऱ्यांच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, रचलेल्या लाकडांत, नारळाच्या सोडणांच्या ढिगात हात घालू नका. बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला. कोकणात फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो. आकाराने लहान, म्हणून दुर्लक्ष होतं. दंश झाला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचवाचा दंशही अंगावर काढू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि पूर्वी दगावणारे रुग्ण वाचू लागले, पण औषध वेळेत पोटात जायला हवं. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळतं हे मालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

प्रश्न : जुलैत दर निम्म्यावर येतात. जावं का? (नाशिक)

पाऊस बघायला जाणार असाल तर जरूर. समुद्रासाठी नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताटात मिळणारी सुरमई बर्फातली असणार. त्याऐवजी कुर्ल्या, खाडीतला मासा, सुक्या बांगड्याची किसमूर, टाकळ्याची नाहीतर फोडशीची भाजी मागा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कुबा बंद. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. तारेवर माड पडला की वीज दिवसभरही जाते. कपडे वाळत नाहीत, म्हणून सुती जीन्स घरीच ठेवा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, सोबत वयस्कर माणूस असेल तर तळमजल्यावरची, पायऱ्या नसलेली खोली आणि कमोड आहे ना, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका. पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव मालकाचं किंवा हॉटेलचंच आहे का, ते बघा. भलतंच नाव आलं तर आधी फोन करा, पैसे नंतर.