व्हेरिकोसीलवर उपचार केले तर वाढलेली प्रोस्टेट कमी होते का?

तुमचे वडील ६७ वर्षांचे, डाव्या बाजूला व्हेरिकोसील (म्हणजे वृषणाच्या पिशवीत फुगलेल्या शिरा) आणि प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, तीही वाढलेली. एकावर इलाज केला की दुसरं आपोआप सुधारेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या वडिलांनाही हे दोन्ही होतं, म्हणून लिहितोय. त्या आशेवर प्रोस्टेटचे उपचार लांबवू नका.

ही कल्पना अगदीच निराधार नाही. गॅट या इस्रायली डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती मांडली. वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त साचतं, दाब वाढतो आणि टेस्टोस्टेरॉनने (पुरुषी हार्मोनने) भरलेलं ते रक्त आडवाटेने प्रोस्टेटमध्ये उतरतं, असं त्यांचं म्हणणं. त्या शिरा बंद केल्यावर काही रुग्णांची प्रोस्टेट लहान झाल्याचंही त्यांनी नोंदवलं. वाचताना पटतं, पण प्रोस्टेटचा उपचार म्हणून तो अजून सर्वमान्य झालेला नाही. शिवाय उतारवयात व्हेरिकोसील नसलेल्यांचीही प्रोस्टेट वाढतेच.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. व्हेरिकोसील तरुणपणापासून आहे की अलीकडेच झालंय, हे वडिलांना विचारा. आपल्याकडे बाप-लेकात हा विषय निघत नाही, तरी विचाराच. या वयात नव्याने झालेलं, आडवं झाल्यावरही न ओसरणारं किंवा फक्त उजव्या बाजूचं असेल, तर आधी पोटाची सोनोग्राफी हवी. डाव्या वृषणाची शीर डाव्या किडनीच्या शिरेला मिळते. किडनीत गाठ असेल तर तिथे रक्त अडून खाली शिरा फुगू शकतात. आमच्या डॉक्टरांनी वडिलांना आधी उभं करून आणि मग झोपवून तपासलं. झोपल्यावर शिरांचा गुंता ओसरला, सोनोग्राफीत किडन्याही चांगल्या निघाल्या, तेव्हा कुठे आम्हाला हायसं वाटलं.

प्रोस्टेटचं म्हणाल तर लघवीची धार, रात्री किती वेळा उठावं लागतं आणि लघवी झाल्यावर आत किती उरते, यावर उपचार ठरतात. टॅम्सुलोसिन या गोळीने काही दिवसांत फरक पडतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने ग्रंथी आकसायला सहा महिने तरी लागतात, आणि त्या काळात पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात ती रक्ततपासणी) साधारण निम्मा येतो. म्हणून रिपोर्ट दाखवताना ती गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायचंच. सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, काही गोळ्यांनी लघवी तुंबते. तशी ती पूर्ण बंद होऊन ओटीपोट दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.